जुनी फुल सस्पेन्शन सायकल घेताना: इंदूरच्या वाटा आणि बेताचं बजेट

इंदूर सोडून सिमरोलच्या पुढे गेलं की माळव्याचं पठार संपत येतं आणि विंध्याची कड सुरू होते. तिंछा, चोरल, जानापाव या बाजूच्या कच्च्या वाटांवर बेसाल्टचे सुटे, धारदार दगड असतात, पावसाच्या पाण्याने कापलेल्या चाकोऱ्या असतात आणि मधूनमधून काळ्या मातीचे पट्टे लागतात. अशा वाटेवर मागच्या चाकालाही सस्पेन्शन असेल तर फार फरक पडतो. उतारावर चाक जमीन सोडत नाही, चढावर दगडांतूनही पेडल मारत राहता येतं आणि घरी परतल्यावर कंबर बोलत नाही. पण नामांकित कंपनीची नवी फुल सस्पेन्शन सायकल लाखाच्या पुढे जाते, बऱ्याचदा पुष्कळच पुढे. त्यामुळे बेताच्या बजेटमध्ये जुनी शोधण्यावाचून गत्यंतर नसतं.

जुनी घेताना बहुतेकजण आधी कंपनीचं नाव बघतात, मग गिअर किती ते विचारतात. माझं म्हणणं असं की आधी मागचा शॉक, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणारा भाग, आणि मागची चौकट ज्यांवर हलते ते सांधे बघा, कारण पैसे तिथेच जातात. गिअरचा संच झिजला तर कुठल्याही बऱ्या दुकानात बदलून मिळतो. शॉक बसला, किंवा सांध्याचा एखादा खास बोल्ट मिळेनासा झाला, तर अख्खी सायकल भिंतीला टेकून राहते.

आधी वाट ठरवा

तुमचं चालवणं मुख्यतः सुपर कॉरिडॉर, बायपास आणि कधीतरी देवगुराडियाकडचा कच्चा रस्ता एवढंच असेल, तर फुल सस्पेन्शन घेऊ नका. तेवढ्याच पैशांत पुढे चांगला एअर फोर्क (हवेवर चालणारं पुढचं सस्पेन्शन) असलेली हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, मिळेल, ती हलकी असेल आणि तिचा खर्चही कमी असेल. महिन्यातून दोन-तीनदा तरी खऱ्या दगडाळ वाटेवर जाणार असाल तरच पुढचं वाचा.

मग ट्रॅव्हल ठरवायचा. चाक वर किती सरकू शकतं, तो ट्रॅव्हल. १०० ते १२० मिलिमीटरची सायकल चढायला हलकी जाते, १२० ते १५० ची सगळीकडे चालते, १६० च्या पुढची मुख्यतः उतारासाठी असते. आपल्याकडे जितकं खाली उतराल तितकं परत चढायचं असतं. चोरलला खाली सोडून वर न्यायला कुणी गाडी घेऊन उभं नसतं. म्हणून १२० ते १४० पुरे. विकणारा १६० चा ट्रॅव्हल दाखवून जास्त पैसे मागत असेल, तर तो तुमच्या उपयोगाचा नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. सायकलींच्या साध्या दुकानांत ‘डबल शॉकर’ म्हणून विकली जाते, ती ही सायकल नव्हे. तिच्यात मागे नुसती लोखंडी स्प्रिंग असते. स्प्रिंग दाबल्यावर ती परत उसळणारच, आणि ती उसळी आवरायला शॉकमध्ये तेलाचा डँपर लागतो. तो नसेल तर दगडावरून गेल्यावर मागचं चाक तुम्हाला वर फेकतं. ओळखायची पद्धत सोपी आहे. सीटवर जोर देऊन दाबा आणि एकदम सोडा. खरा शॉक एकदा वर येतो आणि थांबतो. नुसती स्प्रिंग दोन-तीनदा नाचते. शॉकवर कंपनीचं नाव, मापाचे आकडे, रिबाउंडची (शॉक किती वेगाने परत वर यावा ते ठरवणारी) घुंडी यांपैकी काहीच नसेल तर भाव कितीही कमी असो, तिथून निघा.

पैशांचे दोन भाग

समजा हातात ६०,००० रुपये आहेत. सायकलीवर ४०,००० ते ४२,००० च खर्च करायचे आणि उरलेले बाजूला ठेवायचे. शॉक आणि फोर्कची सर्व्हिस, सांध्यांचे बेअरिंग, चेन, ब्रेक पॅड, बहुधा टायर हे सगळं पहिल्या काही महिन्यांत येणारच. विकणारा कितीही भला असला तरी विकायला काढलेल्या सायकलीवर नुकताच मोठा खर्च केलेला असण्याची शक्यता कमी. सगळं बजेट सायकलीतच घातलं तर ती पहिल्या बिघाडाला घरी बसते.

बजेट कमी असेल तर २६ इंची चाकांची सायकल वगळू नका. साधारण २०१३-१४ नंतर बड्या कंपन्या २७.५ आणि २९ इंचांकडे वळल्या, त्यामुळे त्याआधीच्या चांगल्या सायकली आता स्वस्तात मिळतात. अट एकच, फोर्क आणि चाकं आत्ताच उत्तम हवीत. त्या मापाचा दर्जेदार नवा फोर्क शोधणं अवघड आहे, आणि सापडला तरी त्या सायकलीला तो खर्च परवडणार नाही. कार्बन फ्रेमचा मोह मात्र टाळा. आपल्याकडचे दगड खालच्या दांड्यावर आदळतात, आणि कार्बनला आतून झालेली इजा बाहेरून कळेलच असं नाही. अ‍ॅल्युमिनियम घ्या.

शोध, आणि पुण्यातला मावसभाऊ

शहरातल्या सायकलस्वारांच्या गटांत विचारलं तर सायकलीचा इतिहास आपसूक कळतो, कोण चालवत होतं, कुठे आपटली होती, का विकतोय. पण इंदुरात अशा सायकली मोजक्याच. पुणे, मुंबई, बेंगळुरू इथे निवड कितीतरी मोठी असते. इंदूरच्या मराठी घराचं पुण्यात कुणी ना कुणी असतंच. मावसभाऊ असो की आतेबहीण, खाली दिलेली तपासणी त्यांच्याकडून व्हिडिओ कॉलवर करून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, सांध्यातली ढिलाई कॅमेऱ्यावर दिसत नाही, ती बोटालाच कळते. म्हणून तिथला कुणी सायकलची जाण असलेला माणूस सोबत असेल तर उत्तम.

सायकल रेल्वेच्या पार्सलने आणता येते. पेडल काढताना डावं पेडल उलट आट्याचं असतं हे विसरू नका. चाकं काढली तर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा घाला, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येऊन बसतात. गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा डिरेलर सोडवून फ्रेमला आतून बांधा. पार्सलमध्ये सगळ्यात आधी वाकतो तो त्याचा हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारी छोटी पट्टी.

फोनवरच विचारायचं

कुठल्या सालचं कुठलं मॉडेल, साइझ काय, मूळ बिल आहे का, शॉकची सर्व्हिस शेवटची कधी आणि कुणाकडे झाली, आणि फ्रेम कधी तडकून जोडली आहे का. सर्व्हिसच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. रॉकशॉक्स ही कंपनी एअर शॉकची हवेची बाजू ५० तास चालवल्यावर उघडून साफ करायला सांगते, आणि आतल्या डँपरची सर्व्हिस २०० तासांनी. “भिया, कभी ज़रूरत ही नहीं पड़ी” असं उत्तर आलं, तर सर्व्हिस झालेलीच नाही असं धरून भाव करा. सायकल नाकारायचं ते कारण नाही.

शॉकच्या अंगावरचा किंवा मॉडेलच्या माहितीतला मापाचा आकडा मागवा, उदाहरणार्थ २००×५७ किंवा २१०×५०. पहिला आकडा म्हणजे एका छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची लांबी, दुसरा म्हणजे शॉक किती दबतो तो स्ट्रोक, दोन्ही मिलिमीटरमध्ये. प्रचलित माप असेल तर शॉक कधी बदलावा लागला तरी दुसरा सापडेल. काही कंपन्यांनी फक्त आपल्याच फ्रेमला बसणारे शॉक वापरले आहेत. ट्रेकच्या काही जुन्या मॉडेलांतला डीआरसीव्ही शॉक, स्पेशलाइज्डचे खास जोडणीचे शॉक आणि कॅननडेलच्या जेकिलमधला उलट ओढणारा डायड ही त्यांतली उदाहरणं. या सायकली चालायला सुंदर असतात, पण बेताच्या बजेटवाल्याने त्या घेऊ नयेत.

प्रत्यक्ष बघायला जाताना

दिवसाउजेडी जा. सोबत शॉक पंप, ४, ५, ६ आणि ८ ची अ‍ॅलन की, मिलिमीटरची पट्टी, मोबाईलचा टॉर्च आणि जुनं सुती कापड घ्या. शॉक पंप विकतच घ्या, पुढेही लागणार आहे. शॉकमध्ये हवेचा दाब शेकड्यांत पीएसआय (दाबाचं एकक) असतो, तिथे साध्या पंपाचं काम नाही.

*मागचा शॉक.* आधी कापडाने शॉकचा चकचकीत भाग पुसा. त्यावर उभा ओरखडा असेल तर त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथून सील फाटणार आणि हवा निघणार. तेलाचा अगदी पातळ थर चालतो, थेंब साचलेले असतील तर डँपरचं तेल बाहेर येतंय. शॉक मोकळा उभा असतानाही थोडा दबलेलाच राहत असेल, आणि हवा भरूनही पूर्ण उघडत नसेल, तर हवा चुकीच्या कप्प्यात जाऊन अडकली आहे. असा शॉक घरी उघडणं धोक्याचं आहे. तो व्यवहार सोडा.

मग हवा तपासा. आपल्या वजनाचे पौंड करा, साधारण तेवढे पीएसआय ही सुरुवात. ७० किलो म्हणजे सुमारे १५५. तेवढी भरा, अर्धा-पाऊण तास बाकीची तपासणी करा आणि पुन्हा पंप लावा. पंप लावताना त्याच्या नळीत थोडी हवा जाते, म्हणून आकडा काहीसा उतरलेला दिसणारच. विकणाऱ्यावर लगेच संशय घेऊ नका. उतार मोठा असेल किंवा सीटवर बसल्यावर शॉक हळूहळू खाली जात असेल, तर सील गेलं.

आता रिबाउंडची घुंडी, बहुतेक वेळा लाल रंगाची. ती एका टोकाला फिरवा, सीट दाबून सोडा, मग दुसऱ्या टोकाला फिरवून तेच करा. वर येण्याचा वेग स्पष्ट बदलला पाहिजे. दोन्हीकडे सारखाच असेल, किंवा आतून पचपच असा आवाज येत असेल, तर डँपरमधलं तेल आणि हवा एकत्र झाली आहेत. हे दुरुस्त होतं, पण ते काम सस्पेन्शनच्या कारागिराचं आहे आणि बऱ्याचदा शॉक पार्सल करून मोठ्या शहरात पाठवावा लागतो. तो खर्च आणि सायकल उभी राहण्याचे आठवडे भावात धरा.

*सांधे.* हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथेच घाई होते. दोन्ही चाकं जमिनीवर असू द्या. मागून सीट धरून सायकल अगदी हळू वर उचला, चाक जमीन सोडेपर्यंत. चाक उचलण्याआधी हाताला ‘टक’ जाणवलं, तर कुठेतरी ढिलाई आहे. आता सोबतच्या माणसाला उचलायला सांगा आणि तुम्ही एकेका सांध्यावर बोट ठेवा. शॉकच्या दोन्ही टोकांना ‘टक’ लागत असेल तर बुश (बोल्टभोवतीच्या छोट्या बाह्या) झिजले आहेत. ते काम किरकोळ आणि स्वस्त आहे. मोठ्या सांध्यांत, विशेषतः पेडलच्या वरच्या मुख्य सांध्यात लागत असेल, तर बेअरिंग गेले.

मग मागचं चाक वरून धरून आडवं हलवा. चाकच हलत असेल तर हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा प्रश्न, चाकासकट सगळा मागचा त्रिकोण हलत असेल तर सांध्यांचा. शेवटची परीक्षा अशी की विकणाऱ्याच्या परवानगीने शॉकचा खालचा बोल्ट काढा आणि मागचा भाग हाताने वरखाली करा. तो लोण्यासारखा फिरला पाहिजे. खरखर किंवा अडखळणं म्हणजे आत काळी माती आणि गंज. आपली माती ओली असताना चिकटते आणि सुकली की दगड होते. ती काढायला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतलेल्या सायकलींचे बेअरिंग आतून संपलेले असतात, बाहेरून सायकल नवी दिसते. मागचा भाग असा मोकळा असतानाच तो पूर्ण वर नेऊन टायर कुठे फ्रेमला घासत नाही ना, तेही बघून घ्या. विकणारा बोल्ट काढू देत नसेल तर हरकत नाही, शॉकमधली हवा सोडून हेच बऱ्यापैकी करता येतं.

बेअरिंग गेले म्हणून सायकल सोडू नका. बहुतेक सांध्यांत प्रचलित मापाचे बंद बेअरिंग असतात आणि नंबर सीलवरच लिहिलेला असतो. ६९०२ म्हणजे आतलं छिद्र १५, बाहेरचा व्यास २८ आणि जाडी ७ मिलिमीटर, ६८०२ म्हणजे १५, २४ आणि ५. हे नंबर बेअरिंगच्या दुकानात विचारा. मूळ बेअरिंग बऱ्याचदा पिंजरा नसलेले, छर्रे ठासून भरलेले असतात, कारण सांधा पूर्ण फिरत नाही, नुसता भार घेतो. साधे पिंजऱ्याचे बसतात, पण लवकर झिजतात. अडचण बेअरिंगची नसतेच, अडचण असते ती सांध्याच्या बोल्टची. त्याच्या डोक्याची खाच गोल झाली असेल किंवा मूळ बोल्टच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला घातला असेल, तर त्या मॉडेलचा बोल्टचा संच आज मिळतो का हे पैसे देण्याआधी शोधा. डिरेलरच्या हँगरचंही तेच. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो.

*फोर्क.* दांडे पुसून नख फिरवा, शॉकसारखंच. दांड्याच्या मागच्या बाजूला रंगाचा थर उडून पांढरट चट्टा पडला असेल, तर सर्व्हिस वर्षानुवर्षं टळली आहे आणि तो चट्टा कशानेही भरत नाही. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढेमागे हलवा, एक बोट सील आणि दांड्याच्या जोडावर ठेवा. तिथे हालचाल जाणवली तर फोर्कचे बुश झिजले, हँडलखाली जाणवली तर हेडसेट (तिथले बेअरिंग) नुसता कसायचा असू शकतो. सनटूर एक्ससीएमसारखा साधा स्प्रिंगचा फोर्क लावलेला असेल तर सायकल सगळ्यात खालच्या श्रेणीची आहे, किंवा मूळचा फोर्क काढून हा घातला आहे. दोन्ही बाबतींत भाव खाली यायला हवा.

*फ्रेम.* हेडट्यूब, म्हणजे हँडलखालची आखूड नळी, जिथे खालच्या दांड्याला जोडते तिथे, सीटच्या दांड्याचं तोंड, शॉक बसतो त्या कानांभोवती, आणि मागच्या त्रिकोणाचे वेल्ड. ही ठिकाणं पुसून टॉर्चच्या आडव्या उजेडात बघा. रंगावरची बारीक रेघ पुसूनही काळीच राहिली तर ती तडा समजा. अ‍ॅल्युमिनियमला लाल गंज येत नाही, त्यामुळे गंज दिसत नाही म्हणजे तडा नाही असं नसतं. वेल्डवर जास्तीचा थर दिसला, आसपासचा रंग वेगळा दिसला, तर कुणीतरी जोडलेली फ्रेम आहे. स्वस्त असो, महाग असो, घेऊ नका. उतारावर सुटताना फ्रेम तुटली तर माणूस वाचणं नशिबावर असतं.

बाकीचं पटकन

चेन पट्टीने मोजा. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या २४ व्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनचं माप जवळजवळ ३०५ मिलिमीटर असतं. ३०६.५ च्या आसपास गेली तर चेन बदला, ३०८ झाली तर कॅसेटही, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संचही गेला. बदलायचीच वेळ आली तर ९ किंवा १० गिअरचा संच १२ च्या मानाने स्वस्त आणि सहज मिळणारा असतो. म्हणून जुन्या सायकलीवर १० गिअर असणं मला कमीपणाचं वाटत नाही.

ब्रेकचा लिव्हर दाबून मिनिटभर धरून ठेवा. तो हळूहळू हँडलकडे येत असेल तर तेल गळतंय किंवा आत हवा आहे. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, एव्हिड आणि स्रॅमच्या बहुतेक जुन्या ब्रेकमध्ये डॉट नावाचं ब्रेक फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं घातलं की सील फुगून ब्रेक निकामी होतो, म्हणून आधीच्या मालकाने काय भरलं ते विचाराच. शिमानोच्या डिस्कची जाडी १.५ मिलिमीटरपर्यंत आली की ती बदलायची असते.

चाक फिरवून आउट, म्हणजे रिम डावी-उजवीकडे किती डगमगते, ते बघा. थोडा आउट काढता येतो, पण रिमला खोलगट पोचा असेल तर नाही.

चालवून बघा

आधार कार्ड किंवा स्कूटरची चावी ठेवून पंधरा-वीस मिनिटं मागा. आधी सॅग लावा, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनाने शॉक किती दबतो ते जमवा. शॉकवरची रबरी रिंग सीलपर्यंत सरकवा, नेहमीच्या कपड्यांत सीटवर हलके बसा, हलकेच उतरा. रिंग स्ट्रोकच्या २५ ते ३० टक्के सरकली पाहिजे. ५० मिलिमीटरच्या स्ट्रोकला म्हणजे १२.५ ते १५. हे न करता चालवलेल्या सायकलीवरून काहीच ठरवता येत नाही, कारण ती आधीच्या माणसाच्या वजनाला लावलेली असते.

मग गुळगुळीत रस्त्यावर उभं राहून जोरात पेडल मारा आणि कुरकुर कुठून येते ते ऐका. फुटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या खाली उतरा. स्पीड ब्रेकरवरून थोड्या वेगाने जा. मागचं चाक रस्त्याला चिकटून राहिलं पाहिजे. शेवटी रिंग बघा. एवढ्याशा चालवण्यात ती पार टोकाला गेली असेल, तर हवा कमी आहे किंवा शॉक थकला आहे. उभं राहून हँडल धरल्यावर गुडघे त्याला लागत असतील तर साइझ लहान आहे. स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून ते पुरतं सुधारत नाही.

भाव आणि कागद

सापडलेले दोष विकणाऱ्यासमोर कागदावर मांडा, प्रत्येकापुढे दुरुस्तीचा अंदाज लिहा. “कुछ कम करो” म्हणण्यापेक्षा “बेअरिंगचे एवढे, चेन-कॅसेटचे एवढे, शॉकच्या सर्व्हिसचे एवढे” असं म्हटलं की माणूस ऐकतो, आणि तुम्हालाही कळतं की कुठल्या आकड्यावर उठायचं. त्याची सायकल वाईट आहे असं म्हणू नका. ज्याने एवढी महागाची सायकल जपली, त्याला ते लागतं.

फ्रेमचा नंबर बहुधा पेडलचा आस ज्या नळीत फिरतो तिच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. तो मूळ बिलाशी जुळवा. बिल नसेल तर विकणाऱ्याचे त्या सायकलीवरचे जुने फोटो मागा. नंबर खरवडलेला असेल तर सायकल घेऊ नका. साध्या कागदावर विक्रीची पावती करा. त्यात दोघांची नावं-पत्ते, मॉडेल, फ्रेम नंबर, रक्कम, तारीख, सह्या घ्या आणि सोबत ओळखपत्राची प्रत जोडा. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या.

पहिला महिना

घरी आणल्यावर सांध्यांचे सगळे बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कप्रमाणे, म्हणजे तिथे सांगितलेल्या जोराने कसा. पहिल्या दगडाळ राइडनंतर पुन्हा तपासा, कारण नवे बेअरिंग बसताना बोल्ट ढिले होतात. हँगर एक जास्तीचा मागवून पिशवीत ठेवा. शॉक आणि फोर्कची सर्व्हिस सुरुवातीलाच करून घ्या आणि तारीख वहीत लिहा, म्हणजे पुढचे ५० तास मोजता येतील. पावसाळ्यात काळ्या मातीत गेलात तर ती ओली असतानाच बादलीतल्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढा, प्रेशरचा फवारा सांध्यांवर मारू नका. आणि जून ते सप्टेंबर तिंछा-चोरलच्या बाजूला माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये साचून चाक जाम होतं, तेव्हा त्या काळात मागे थोडा अरुंद, नक्षीचे ठोकळे उंच आणि विरळ असलेला टायर लावा.